मोटार रॅली : एक चालवतो, दुसरा वाट सांगतो

'रॅली' हा शब्द आपल्या वस्त्यांना नवा नाही. १४ एप्रिल जवळ आला की निळे झेंडे लावलेल्या मोटारसायकलींची रॅली निघते. निवडणुकीत रॅली, मागण्यांसाठी रॅली, सभेला जाताना रॅली. परंतु टी.व्ही.वर कधी धुरळा उडवीत जंगलातून धावणारी मोटार दिसते, तिच्यावर नंबर असतो, आत हेल्मेट घातलेली दोन माणसे असतात आणि निवेदक तिलाही रॅलीच म्हणतो. मग घरातली मुले विचारतात, "ही कसली रॅली? यात झेंडे कुठे आहेत?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आईवडिलांनाही ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ पुन्हा एकत्र जमणे असा आहे. १९११ साली मोनॅको या छोट्याशा संस्थानात पहिली 'मॉन्टे कार्लो रॅली' झाली. युरोपातल्या अकरा ठिकाणांहून तेवीस मोटारी निघाल्या आणि मॉन्टे कार्लोला येऊन जमल्या. म्हणजे आपली रॅली आणि त्यांची रॅली एकाच शब्दाची लेकरे आहेत. फरक एवढाच की तो खेळ श्रीमंतांचा होता. किती श्रीमंतांचा? त्या पहिल्या रॅलीत गाडीचा डौल आणि आतल्या प्रवाशांची सुखसोय यांनासुद्धा गुण होते!

शर्यत आणि रॅली

मोटारींची शर्यत बंदिस्त गोल मार्गावर होते. सगळ्या गाड्या एकदम सुटतात, एकमेकींना मागे टाकतात, जी पुढे ती जिंकते. रॅलीचे तसे नाही. रॅली खऱ्या रस्त्यावर होते. घाट, कच्ची वाट, वाळवंट, बर्फ, चिखल, जे असेल ते. गाड्या एकामागून एक, ठरावीक मिनिटांच्या अंतराने सोडतात. स्पर्धकाला समोर प्रतिस्पर्धी दिसतच नाही. त्याची झुंज घड्याळाशी आणि रस्त्याशी असते.

रस्त्याचे दोन प्रकार असतात. काही टप्पे रहदारीला बंद केलेले असतात. त्यांवर गाडी पूर्ण वेगाने हाकायची आणि लागलेला वेळ सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजायचा. असे सर्व टप्प्यांचे वेळ मिळवून ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. दुसरा प्रकार म्हणजे एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंतचा साधा रस्ता. तिथे तुमच्याआमच्यासारखीच रहदारी असते आणि वाहतुकीचे सगळे नियम रॅलीच्या चालकालाही लागू असतात. पुढच्या चौकीवर ठरलेल्या मिनिटाला हजर व्हायचे. एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंदांचा दंड, आणि एक मिनिट लवकर पोहोचला तर पूर्ण एका मिनिटाचा दंड! उशिरापेक्षा घाईला मोठी शिक्षा देणारा असा खेळ विरळाच.

शेजारी बसलेला माणूस

रॅलीच्या गाडीत दोघे असतात. एक चालक, दुसरा सहचालक. याला नॅव्हिगेटर असेही म्हणतात. हा दुसरा माणूस शोभेला बसलेला नसतो. स्पर्धेच्या आधी दोघांना तोच रस्ता हळू वेगाने पाहून घेण्याची मुभा मिळते. त्या वेळी चालक प्रत्येक वळण पारखून सांगतो आणि सहचालक वहीत टिपून घेतो. प्रत्यक्ष स्पर्धेत तो ती वही वाचत जातो : "डावे चार, साठ मीटर, उंचवटा, लगेच उजवे दोन, आत कापू नको." आकड्यांवरून वळण किती तीव्र आहे ते कळते. उंचवट्यापलीकडचे चालकाला दिसत नाही. तो केवळ शब्दांवर विश्वास ठेवून गाडी झोकून देतो. एक ओळ चुकली, वाचायला एक क्षण उशीर झाला, की गाडी दरीत.

म्हणून जागतिक अजिंक्यपद दोघांनाही मिळते. फ्रान्सचा सेबास्तियन लोब २००४ ते २०१२ असे सलग नऊ वेळा जगज्जेता झाला. प्रत्येक वेळी शेजारी डॅनियल एलेना हाच सहचालक होता. हा लोब आधी वायरमन होता, इलेक्ट्रिशियनचे काम करीत होता, हेही आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

गॅरेजमधून आलेला विजेता

आता एका भारतीय वंशाच्या माणसाची हकीकत पाहू. १९५३ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाप्रीत्यर्थ पूर्व आफ्रिकेत एक रॅली सुरू झाली. पुढे ती 'सफारी रॅली' म्हणून जगभर गाजली. हजारो किलोमीटरचा मार्ग, ईस्टरच्या सुमाराचा पाऊस, गुडघाभर चिखल, मध्येच आडवी येणारी जंगली जनावरे. १९६३ आणि १९६८ या दोन्ही वर्षी शेवटपर्यंत फक्त सात गाड्या पोहोचल्या होत्या.

केनियातील केरिचो येथे १९३२ साली जन्मलेले जोगिंदरसिंग हे गॅरेजवाल्याचे चिरंजीव. स्वतः मेकॅनिक. हात काळे करून गाडी शिकलेले. केनिया स्वतंत्र झाल्यावर दोनच वर्षांनी, १९६५ साली, त्यांनी भाऊ जसवंतसिंग यांना शेजारी बसवून जुन्या, वापरलेल्या व्होल्वो गाडीतून सफारी रॅली जिंकली. पुढे १९७४ आणि १९७६ साली मित्सुबिशी लान्सरमधून पुन्हा जिंकली. १९७४ला त्यांनी मागे टाकलेला स्वीडनचा ब्यॉर्न वाल्डेगार्ड हाच १९७९ साली चालकांचा पहिला जगज्जेता ठरला. जग त्यांना 'उडता शीख' म्हणू लागले. २०१३ साली ते वारले.

त्यांच्याच काळातले शेखर मेहता हे युगांडात जन्मलेले, मोठ्या उद्योजक घराण्यातले. इदी अमीनने १९७२ साली आशियाई लोकांना देशाबाहेर काढले आणि मेहता केनियात आले. पुढच्याच वर्षी त्यांनी सफारी जिंकली. नंतर १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जिंकून एकूण पाच विजय मिळवले. एक श्रीमंत घरचा, एक गॅरेजमधला. परंतु चिखलात रुतलेली गाडी बापाचे नाव विचारत नाही.

ज्या समाजाने हातांनी काम करणाऱ्याला शतकानुशतके खाली बसवले आणि पोथी वाचणाऱ्याला वर बसवले, त्या समाजात जन्मलेल्या आपण या खेळाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. इथे पाना धरणारा, वही वाचणारा आणि सुकाणू धरणारा हे तिघे एकमेकांवाचून निरुपयोगी आहेत. सर्व्हिसला मिळालेल्या मोजक्या मिनिटांत मेकॅनिकने गाडी उभी केली नाही, तर जगज्जेताही पायीच.

मिशेल मूतों

मुलींना हा खेळ जमेल काय? या प्रश्नाचे उत्तर १९८१ सालीच मिळाले आहे. फ्रान्सच्या मिशेल मूतों यांनी त्या वर्षी इटलीतील सान रेमो रॅली जिंकली. शेजारी इटलीच्या फाब्रित्सिया पोन्स, म्हणजे गाडीत दोन्ही स्त्रिया. १९८२ साली मूतों यांनी पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील अशा तीन रॅली जिंकल्या आणि अजिंक्यपदात वॉल्टर र्‍योर्लच्या मागोमाग दुसऱ्या आल्या. ही स्पर्धा स्त्रियांची वेगळी नव्हती. पुरुषांच्या बरोबरीने, त्याच रस्त्यावर, त्याच घड्याळावर होती. त्यांच्यानंतर जागतिक मालिकेतली रॅली जिंकणारी दुसरी स्त्री चालक आजवर झालेली नाही. याचे कारण स्त्रियांच्या मनगटात शोधू नये. त्यांच्या हाती किल्ली किती घरांत दिली जाते, तिथे शोधावे. आपल्याकडे बंगळूरच्या ऐश्वर्या पिसे यांनी २०१९ साली मोटारसायकलच्या बाहा प्रकारात स्त्रियांचा विश्वचषक जिंकून दाखवला आहे.

रस्ता कुणाचा?

या खेळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८६ साली पोर्तुगालमध्ये गाडी प्रेक्षकांत घुसून तिघे ठार झाले, तीसहून अधिक जखमी झाले. त्याच वर्षी मे महिन्यात कोर्सिका बेटावर हेन्री टोइव्होनेन आणि सहचालक सर्जो क्रेस्टो जळून मेले. तेव्हा त्या अतिशक्तिमान 'बी गटा'च्या गाड्यांवर १९८७पासून बंदी आली. आपल्या देशात २०१९च्या सप्टेंबरात राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद मार्गावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातील तिघांचा जीव गेला.

हे विसरता कामा नये. रॅलीचा 'मार्ग' हा गावकऱ्यांचा रोजचा रस्ता असतो. त्याच वाटेने कुणी शेतावर जाते, कुणी दवाखान्यात. रस्ता बंद असल्याची सूचना शेवटच्या झोपडीपर्यंत, त्यांच्या भाषेत, आदल्या दिवशी पोहोचली की नाही, हे पाहणे आयोजकांचे कर्तव्य आहे. गावातल्या तरुणांनीही ते हक्काने विचारावे.

मात्र याच खेळात एक फार सुंदर नियम आहे. गाडी उलटली आणि आतली माणसे सुखरूप असली, तर ती मागून येणाऱ्यांना 'ओके'ची पाटी दाखवतात. जखमी असल्यास लाल 'एसओएस'ची पाटी. ती दिसली, किंवा मोठा अपघात दिसूनही कोणतीच पाटी दिसली नाही, तर मागच्या स्पर्धकाने तत्काळ थांबलेच पाहिजे. मग तो पहिल्या क्रमांकावर असो. न थांबल्यास शिक्षा, थांबल्यास वाया गेलेला वेळ भरून मिळतो. करुणा नियमात लिहून ठेवली, म्हणजे ती कुणाच्या मर्जीवर राहत नाही. संविधान मानणाऱ्या आपल्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आपल्याला काय घेता येईल?

जागतिक दर्जाची रॅलीची गाडी काही कोटी रुपयांना पडते. तेव्हा उद्याच चालक होण्याची स्वप्ने मुलांना दाखवू नयेत. पण या खेळाचे दरवाजे अनेक आहेत.

पहिला दरवाजा वेळ, वेग आणि अंतर यांच्या रॅलीचा. यात साधी घरची गाडी चालते. ठरवून दिलेला सरासरी वेग तंतोतंत राखायचा, मार्ग चिन्हांवरून ओळखायचा. वेग वाढवला तर गुण जातात. त्रैराशिक पक्के असलेली दहावीची मुलगी यात बापापेक्षा सरस नॅव्हिगेटर ठरेल. याच प्रकारात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अंध व्यक्तींना नॅव्हिगेटर करून रॅली झाल्या आहेत. मार्गाचा तक्ता ब्रेलमध्ये असतो. न पाहणारा बोटांनी वाचून वाट सांगतो आणि डोळस माणूस मुकाट्याने ऐकतो.

दुसरा दरवाजा मेकॅनिकचा. आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड करणाऱ्या आपल्या मुलाला 'गॅरेजचा पोऱ्या' म्हणून हिणवू नका. सस्पेन्शन, इंजिन, इंधनाचे गणित यांत पारंगत झालेल्या कारागिराला रॅलीच्या संघात मान आहे. तिसरा दरवाजा स्वयंसेवकांचा. वेळ नोंदणारे, बिनतारी संदेश देणारे, प्रथमोपचार करणारे लोक प्रत्येक रॅलीला लागतात.

आणि शेवटी १४ एप्रिलच्या आपल्या रॅलीविषयी. जगातला सर्वांत वेगवान रॅलीचालकही हेल्मेट आणि पट्ट्याशिवाय गाडी सुरू करीत नाही, साध्या रस्त्यावर आला की सिग्नलला थांबतो. आपली पोरे मात्र एका गाडीवर तिघे बसून, उघड्या डोक्याने, सायलेन्सर काढून निघतात. भगवान बुद्धांनी अप्रमादाला, म्हणजे सतत सावध राहण्याला, फार मोठे स्थान दिले आहे. यंदाच्या जयंतीला मंडळाने निघण्यापूर्वी प्रत्येक गाडीचे ब्रेक तपासावेत, प्रत्येक डोक्यावर हेल्मेट आहे याची खात्री करावी आणि रांगेच्या शेवटी प्रथमोपचाराची पेटी घेतलेली एक गाडी ठेवावी. निळा झेंडा हाती धरलेला प्रत्येक मुलगा त्या रात्री सुखरूप घरी परतला पाहिजे. जय भीम!