विषारी धुरीपेक्षा ऊन पाणी बरे



गेल्या मे महिन्यात शिवारफेरीत एका सभासदाने बांधावरचा आंबा कापून दाखवला. वरून फळ सोन्यासारखं, आत अळ्यांची वळवळ! "साहेब, धान्यात ठेवतो ती गोळी आंब्याच्या पेटीत टाकली तर?" आम्ही तिथंच हात जोडले. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून फॉस्फीन वायू निघतो. बंद घरात तो माणसालाही सोडत नाही आणि त्यावर उतारा नाही.

ही अळी फळमाशीची. मादी सालीखाली अंडी घालते, म्हणून वरच्या फवाऱ्याने आतली अळी मरत नाही. 2013 साली भारतातून युरोपला गेलेल्या भाजी-फळांच्या 207 खेपांत फळमाशीसारखी कीड सापडली. परिणामी 1 मे 2014 पासून तिथं आपला आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांना बंदी झाली.

निर्यातीच्या मालाला मिथिल ब्रोमाइडची धुरी देण्याची जुनी पद्धत आहे. पण हा वायू विषारी, शिवाय ओझोनचा थर विरळ करणारा. म्हणून मॉन्ट्रियल कराराने त्यावर मर्यादा आणल्या. आंब्याला मार्ग सापडला तो ऊन पाण्याचा. 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात फळ 60 मिनिटे बुडवायचे. अंडी-अळी मरते, फळ शाबूत राहते. 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली.

आपल्याला हे नवीन नाही. गवताळ वाढीच्या रोगासाठी ऊस बेण्याला आपण 54 अंशाच्या उष्ण बाष्प हवेत अडीच तास ठेवतोच. वेळ तोडली तर रोग राहतो, उष्णता वाढली तर डोळा मरतो. आंब्याचंही तसंच. तेव्हा घरच्या चुलीवर अंदाजाने हा प्रयोग करू नये. ते निर्यात केंद्राचे काम.

घरी काय करावे? झाडाखाली पडलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा टांगावा. त्यातील मिथिल युजेनॉलच्या वासाने नरमाश्या सापडतात. कारली, दोडका, काकडीला मात्र क्यू-ल्यूरचा सापळा लागतो. एकट्याने लावून भागत नाही, शेजारची माशी येतेच. सगळ्या शिवाराने मिळून लावावेत.

आणि ती गोळी? खाण्याच्या फळाजवळ तिला जागा नाही. शंका असेल तर आधी आमच्या गट ऑफिसात या, मगच हात लावा.