जांभळाने रक्त वाढते का?

मे सरताना कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात बदलापूरची जांभळे येतात आणि दवाखान्यात ठरलेला प्रश्न येतो, "डॉक्टर, यानं रक्त वाढतं ना?"

नाही. जिभेला चढणारा तो रंग लोहाचा नव्हे. अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, आणि ते मुख्यतः सालीत असते. लोह अगदी थोडे. शंभर ग्रॅम गरात साधारण 60 उष्मांक, 14 ग्रॅम कर्बोदके. 'क' जीवनसत्त्व पेरूच्या दहाव्या हिश्श्याइतकेही नाही.

आता जातींविषयी. बदलापूरच्या आणि पालघरकडील बहाडोलीच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बहाडोलीचे फळ टपोरे, गर भरपूर, गोड. गावठी जांभूळ बारीक, तुरट, नुसती बीच मोठी. पण तेवढ्याच वजनात साल जास्त येते, म्हणून मी तेच घेतो. (घरात कुणाला आवडत नाही!)

मधुमेह असणाऱ्यांनी टपोरी जांभळे मोजून खावीत. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडच्या एका आजींनी बियांच्या चूर्णावर विसंबून गोळ्याच बंद केल्या. साखर चारशेवर गेली, पायाची जखम चिघळली. बोट थोडक्यात वाचले. यंदा त्या गोळी चुकवत नाहीत. जांभळे दहाच खातात, बशीतल्या बिया मोजून.