मळाचा रंग काय सांगतो?

पचनाची वाट : भाग ६

मागच्या आठवड्यात बद्धकोष्ठाबद्दल लिहिलं होतं. आज रंगाबद्दल. "शौचाला कसं होतं?" असं डॉक्टरांनी विचारलं की बहुतेक जण "ठीक होतं" एवढंच सांगतात, कारण खाली बघितलेलंच नसतं. किळस बाजूला ठेवून बघायला हवं.

मळाचा तपकिरी रंग पित्तामुळे येतो. जुन्या तांबड्या पेशी मोडून बिलिरुबिन तयार होतं, ते यकृतातून पित्ताबरोबर आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू त्याचा रंग बदलतात. जुलाबात सगळंच घाईने पुढे सरकतं, म्हणून मळ हिरवट दिसतो. पालक आणि बीट यांचाही रंग उतरतो. तो एक-दोन दिवसांत जातो, त्याची चिंता नको.

काळ्या रंगाचं तसं नाही. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या गरोदर बाईला काळपट हिरवं होतं ते अपेक्षितच असतं. घाबरून गोळ्या बंद करू नयेत. पण डांबरासारखा काळा, चकचकीत, पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणारा आणि भलताच उग्र वास येणारा मळ बहुधा जठरातल्या किंवा त्यापुढच्या आतड्यातल्या रक्तस्रावाचा असतो. रक्त खाली येईपर्यंत पचून काळं पडतं. गुडघ्यांसाठी महिनोन्महिने दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून घेणारे आजी-आजोबा घरोघरी आहेत. त्या गोळ्यांनी जठरात व्रण पडू शकतो आणि पोट दुखलं नाही तरी तो वाहू शकतो. असा मळ दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत चक्कर, घाम किंवा धाप असेल तर सकाळची वाट न बघता रात्रीच रुग्णालयात न्या.

लाल रक्त दिसलं की घरातलं निदान ठरलेलं: मूळव्याध. अनेकदा ते बरोबरही असतं. शौचानंतर लालभडक थेंब पडतात, दुखत मात्र नाही. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही लाल रक्त पडू शकतं आणि नुसतं बघून फरक कळत नाही. मूळव्याधीच्या नावाखाली वर्ष-वर्ष मलम लावत बसणं मला सगळ्यात जास्त खटकतं. बायका तर लाजेपायी घरातही बोलत नाहीत. रक्त पुन्हा पुन्हा पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी आलं असेल, तर वय कितीही असो, तपासून घ्या. बोटाने केलेल्या तपासणीला मिनिटभर लागतं; गरज वाटली तर डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतात.

रक्त-आव पडून ताप आला तर दवाखाना. तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे जुलाब सुरू झाले तर लगेच ओआरएस पाजत रुग्णालय.

आता तान्ह्या बाळांबद्दल. पहिल्या दोन-तीन दिवसांत काळी-हिरवी, मग अंगावर पिणाऱ्या बाळाची पिवळी शी, हे सगळं नेहमीचं. पांढरट, राखाडी किंवा खडूच्या रंगाची शी मात्र कधीच नेहमीची नसते. पित्त आतड्यात पोचत नाही असा तिचा अर्थ असू शकतो. काही बाळांच्या पित्तनलिका बंद असतात. त्यासाठी कसाई नावाची शस्त्रक्रिया आहे. जपानी शल्यविशारद मोरियो कसाई यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. तैवानने २००४ पासून देशभर आईबापांच्या हाती शीच्या रंगांची पत्रिका दिली, ती याचसाठी. आपल्याकडे "कोवळ्या उन्हात धरा, कावीळ उतरेल" म्हणण्यात हेच दिवस निघून जातात. कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली किंवा शी फिकी दिसली, तर दुपट्याचा फोटो काढा, बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि बिलिरुबिनची तपासणी दोन्ही प्रकारांची, म्हणजे डायरेक्ट आणि इनडायरेक्ट, करायला सांगा.

पुढच्या आठवड्यात जंतांबद्दल.