नौकावाहक ट्रेलर : एकेरी आस की जोडआस? – वरठी (जि. भंडारा) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील ढिवर समाजाचे लाकडी डोंगे पाण्याकाठीच असतात, त्यामुळे ते रस्त्याने नेण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पूरबचावासाठी वापरल्या जाणाऱ्या यांत्रिक नौकेची स्थिती वेगळी आहे. ती एका ठिकाणी ठेवलेली असते आणि पूर दुसऱ्याच ठिकाणी येतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी वैनगंगेला येऊन मिळाले. गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरासह नदीकाठची अनेक गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी नौका काठापर्यंत पोहोचविणारा ट्रेलर हा दुय्यम विषय राहत नाही.

वरठी हे गाव भंडारा-तुमसर मार्गावर असून भंडारा रोड हे रेल्वेस्थानक तेथेच आहे. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे परिसरात लोखंडी कामाची जाण आहे. वरच्या बाजूस तुमसर, खालच्या बाजूस पवनी व लाखांदूर. या सर्व दिशांना वरठीहून रस्त्याने जाता येते. येथे ठेवलेल्या नौकेसाठी एका आसाचा ट्रेलर घ्यावा की दोन आसांचा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञा व स्वरूप :
एकेरी आसाचा ट्रेलर म्हणजे तत्त्वतः बैलगाडीच होय. मागे ओझे अधिक झाले की गाडी उलाळते, पुढे अधिक झाले की बैलांच्या मानेवर भार येतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ट्रेलरमध्ये हा पुढचा भार कडीवर येतो. नौकेच्या बाबतीत तो एकूण वजनाच्या सुमारे ५ ते १० टक्के असावा. त्याहून कमी असल्यास वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. इंजिन नौकेच्या मागील टोकास असल्याने ही चूक सहज होते.

जोडआसाच्या ट्रेलरमध्ये मध्याजवळ दोन आस एकामागे एक बसविलेले असतात. ट्रॅक्टरच्या चारचाकी ट्रॉलीशी त्याची गल्लत करू नये. त्या ट्रॉलीची पुढची चाके वळतात, जोडआसाची मात्र एकही जोडी वळत नाही. त्यामुळे वळणावर टायर रस्त्यावर आडवे घासले जातात.

वजनाचा हिशेब :
नौकेच्या लांबीवरून ट्रेलर निवडण्याची प्रथा आहे, परंतु ती फसवी आहे. निर्णय भरलेल्या वजनावरून व्हावा. उदाहरणादाखल ४०० किलोची फायबर नौका, ४० अश्वशक्तीचे सुमारे १०० किलोचे इंजिन, ५० लिटर पेट्रोलचे ३७ किलो, जीवरक्षक जॅकेट, दोर, वल्ही व नांगर यांचे ६० किलो आणि ट्रेलरचे स्वतःचे २५० किलो धरल्यास एकूण ८४७ किलो होतात. टायरवर ९१ हा भारांक कोरलेला असेल, तर एका टायरची क्षमता ६१५ किलो, म्हणजे दोन्हींची १२३० किलो. सुमारे ३८० किलोची शिल्लक उरते, ती खड्ड्यांच्या रस्त्यासाठी पुरेशी मानता येईल. येथे जोडआसाची गरज नाही.

आता १३०० किलोची मोठी प्रवासी नौका घेऊ. २०० किलोची दोन इंजिने, १०० लिटर पेट्रोलचे ७४ किलो, १५० किलो साहित्य आणि ५०० किलोचा ट्रेलर मिळून २२२४ किलो होतात. भारांक १०० असलेले, प्रत्येकी ८०० किलो क्षमतेचे दोन टायरही येथे अपुरे पडतात. जोडआस अटळ ठरतो. तरीही भारांक ९१ चे चार टायर केवळ २४६० किलो पेलतात व शिल्लक एक दशांशाहूनही कमी राहते. तेव्हा अधिक भारांकाचेच टायर घ्यावेत.

टायर फुटण्याचा प्रश्न :
जोडआसाचा एक टायर फुटला तरी प्रवास चालू राहतो, हा त्याच्या बाजूने नेहमी होणारा युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे. वरील उदाहरणात प्रत्येक टायरवर ५५६ किलो येतात. एक निकामी होताच त्या बाजूच्या दुसऱ्या टायरवर जवळजवळ दुप्पट भार पडतो. हळूहळू सुरक्षित जागा गाठता येते, पवनी गाठता येत नाही. एकेरी आसाचा ट्रेलर मात्र फुटलेल्या बाजूस झुकून जागीच थांबतो. म्हणून त्यासोबत स्टेपनी, जॅक व जॅकखाली ठेवण्यास लाकडी फळी नसेल, तर तो पूरकामासाठी बाहेर काढू नये.

शेवटचे शंभर मीटर :
पुरात ओढणारे वाहन पाण्यापर्यंत जाऊ शकतेच असे नाही. बांधीव घाट पाण्याखाली गेलेला असतो आणि समोर धानाच्या बांध्या असतात. ट्रेलर सोडवून माणसांनी ढकलावा लागतो. साडेआठशे किलोचा एकेरी आसाचा ट्रेलर चार-सहा माणसे घट्ट जमिनीवर ढकलू शकतात व आसाभोवती फिरवूही शकतात. भरलेला जोडआसाचा ट्रेलर हातांनी वळविणे जवळजवळ अशक्य असते. चिखलात दोनच चाके अधिक रुततात हा आक्षेप योग्य आहे, पण रुंद टायर व चाकाखाली फळ्या हा त्यावरील उपाय स्वस्त आहे.

आणखी एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. आज जीप, उद्या ट्रॅक्टर असे वाहन बदलले की कडीची उंची बदलते. जोडआसाचा ट्रेलर समतल नसेल, तर एका आसावर अधिक भार येतो. दोन्हीकडील पाट्यांना जोडणारा दोलक असल्यास तो काही अंशी वाटला जातो. एकेरी आसाला हा दोष संभवत नाही. तलाव आणि नदीकाठची गावे यांसाठी लहान नौका व एकेरी आस हाच मेळ या जिल्ह्यास अधिक मानवणारा आहे. जोडआस गोसीखुर्दच्या विस्तीर्ण जलाशयावरील जड नौकांसाठी राखावा.

देखभाल व नोंदणी :
रस्त्यावरून आलेल्या ट्रेलरचे हब तापलेले असते. ते तसेच थंड पाण्यात उतरविल्यास आतील हवा आकुंचन पावते व पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. ग्रीस खराब होऊन पुढील फेरीत बेअरिंग जाम होते. म्हणून हब हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. तेवढा वेळ नौकेचे पट्टे सोडण्यात जातोच. जोडआसात हब चार असल्याने तपासणी व ग्रीस बदलण्याचे काम दुप्पट होते. वर्षभर उभा राहणारा ट्रेलर मे महिन्यातच, ठोकळ्यांवर उचलून, प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे आणि कलम ६१ अन्वये नोंदणीच्या तरतुदी त्यास लागू होतात. स्थानिक कारखान्यात ट्रेलर बनवून घेणाऱ्यांनी लोखंड कापण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी.