पणतीचा फोटो का फसतो?

मी कॉलेजात असताना एका दिवाळीत उसना कॅमेरा आणून आजीचा फोटो काढला. ती अंगणात वाकून पणत्या लावत होती आणि पिवळा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. रोल धुऊन आला तेव्हा फोटोत आजी होती, तो उजेड मात्र नव्हता. चेहरा पांढराफटक, मागे भिंतीवर काळी सावली आणि ज्योत म्हणजे एक फिकट ठिपका! पुढच्या दिवाळीला आजी नव्हती. काय चुकले ते मला बऱ्याच उशिरा उमगले.

चूक फ्लॅशची होती. फ्लॅश साधारण एक सहस्रांश सेकंदच चमकतो, पण तेवढ्यात भरपूर प्रकाश ओततो. शटर 1/60 सेकंद उघडे होते. तेवढ्या वेळात ज्योतीकडून आलेला प्रकाश त्यापुढे नगण्य ठरला. नळाची धार बारीक असली की आपण भांडे अधिक वेळ खाली ठेवतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले असते, तर ज्योतीचा प्रकाश 30 पट साठला असता आणि फ्लॅशची गरजच पडली नसती. अर्थात इतका वेळ हात स्थिर राहत नाही. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा स्टुलावर ठेवून टायमर लावावा, आणि समोरच्या व्यक्तीलाही क्षणभर स्थिर राहायला सांगावे.

चेहऱ्यावरचा उजेड अंतरावरही अवलंबून असतो. ज्योतीपासून चेहरा एक फुटावर आणि भिंत चार फुटांवर असेल, तर व्यस्त वर्गाच्या नियमाने भिंतीवर सोळावा हिस्साच प्रकाश पडतो. चेहरा उजळ आणि भोवती काळोख, हेच तर आपल्याला हवे असते!

दुसरी फसगत प्रकाशमापकामुळे होते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असावे, असे कॅमेरा सर्वसाधारणपणे गृहीत धरतो. रात्री चौकटीत बहुतांश काळोखच असतो. कॅमेरा तोही राखाडी करू पाहतो. मग दिवे पांढरे पडतात आणि आकाशकंदिलाचा रंग उडतो. अशा वेळी आपण होऊन प्रकाश कमी करावा. कॅमेऱ्यावरील -1 या खुणेने प्रकाश निम्मा होतो, -2 ने पाव. मोबाइलमध्येही ही सोय असते.

आकाशकंदिलाचा फोटो तिन्हीसांजेला काढावा. आपल्याकडे सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटे आकाशात निळसर संधिप्रकाश असतो. त्या अवधीत एक वेळ अशी येते, की आकाश आणि कंदील यांची तेजस्विता जवळपास सारखी होते. दोन्ही एकाच फोटोत नीट उमटतात आणि घराचे छप्परही दिसते. लक्ष्मीपूजन अमावास्येच्या सुमारास येत असल्याने पुढे चांदण्याचीही मदत नसते.

आता विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. मोबाइलमध्ये शटरची वेळ ठरवण्याची सोय असेल, तर ती 1/10 सेकंद ठेवा. पूर्ण अंधार पडल्यावर एलईडीच्या माळेसमोर मोबाइल झपकन आडवा फिरवत फोटो काढा. पणतीसमोर हेच केले, तर प्रकाशाची अखंड रेघ उमटते. अनेक माळांच्या बाबतीत मात्र रेघ तुटक येते! घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते आणि एलईडी एकाच दिशेने वीज वाहू देतो. म्हणून साधी माळ सेकंदाला 50 वेळा लुकलुकते. 1/10 सेकंदात पाच तुकडे. माळेत रेक्टिफायर असेल, तर दोन्ही अर्धआवर्तने वापरली जातात आणि दहा तुकडे दिसतात. काही माळांना स्थिर वीजपुरवठा असतो. त्यांची रेघ अखंडच येते. जुन्या तारेच्या बल्बची तार इतक्या थोड्या वेळात फारशी थंड होत नाही, त्यामुळे त्याचीही रेघ जवळजवळ अखंड दिसते. मुलांना तुकडे मोजू द्या आणि माळेच्या आत काय असेल, ते त्यांनाच ओळखू द्या.

आजीचा तो फोटो आता पुन्हा काढता येणार नाही. तुमच्या घरी मात्र कोणी पणत्या लावत असेल, तर यंदा फ्लॅश बंद ठेवा.