पोटाचं ऑपरेशन झालंय? कशाचं ते सांगा

गटातल्या एका ताईंनी विचारलं, "माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. आता वजन कमी करायचं ऑपरेशन होईल का?" मी म्हटलं, "ताई, पोटाचं म्हणजे कशाचं?"

सिझर, कुटुंबनियोजन, गर्भपिशवी, अपेंडिक्स ही ऑपरेशनं जठराची नाहीत. ती झालेल्यांना बहुधा दोन्ही मार्ग असतात. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून नळीएवढं ठेवतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. मात्र जुन्या ऑपरेशनमुळे आतडी आत चिकटलेली असू शकतात. डॉक्टरांना ते आधीच कळलं पाहिजे.

अल्सरसाठी जठराचंच ऑपरेशन झालं असेल, तर पर्याय कमी होतात. आधी स्लीव्ह होऊन वजन परत वाढलं, तर काहींना बायपास करतात.

दोन्हींनंतर लोह आणि बी-१२ यांसारख्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. आपल्या नंदुरबारात सिकलसेल आहे. तुम्हाला असेल तर भूल देण्याआधी सांगाच.

जुना डिस्चार्ज कागद जपून ठेवा. तो हरवला असेल तर व्रण दाखवा. घरच्यांसमोर बोलता येत नसेल, तर डॉक्टरांना एकटीने भेटा, पण लपवू नका.