निव्वळ वनस्पतिज आहार : त्यानें पोषण होतें काय, व वजन उतरतें काय?

शहरांत शिकावयास राहिलेलीं मुलें सुटीस गांवीं आलीं म्हणजे "आम्ही दूध सोडलें" असें हल्लीं सांगूं लागलीं आहेत, व घरांतील वडील मंडळींस त्याचा उलगडा होत नाहीं. मांसाहार वर्ज्य करणें आपल्याकडे नवें नव्हे. परंतु दूध, दहीं, ताक, तूप आणि मध हींही वर्ज्य मानणें हा प्रकार निराळा आहे. त्यास 'वीगन' हें नांव इंग्लंडांत १९४४ सालीं मिळालें. डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या वर्षीं एक संस्था काढिली, व 'व्हेजिटेरियन' या शब्दाचीं आरंभींचीं आणि शेवटचीं अक्षरें जोडून हा नवा शब्द केला. त्यांचा मूळ हेतु भूतदयेचा होता. वजन उतरविण्याची गोष्ट त्यास मागाहून चिकटली. भूतदयेचा प्रश्न ज्याचा त्यानें सोडवावा. आम्ही येथें फक्त पोटाचा विचार करणार आहों. आम्ही गाई-म्हशी पाळणारे लोक, तेव्हां दुधाची बाजू घेणें आम्हांस सोपें आहे. यास्तव या आहाराच्या बाजूचा पुरावा आधीं मांडणें न्याय्य होईल.

तो पुरावा बराच वजनदार आहे. न्यूझीलंडांतील गिस्बर्न या गांवीं स्थूल व मधुमेहासारख्या विकारांनीं पीडित अशा ६५ प्रौढांवर एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तान्त २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं निम्म्यांस नेहमींचेच औषधोपचार दिले. उरलेल्यांस धान्य, बटाटे, रताळीं, कडधान्यें, भाज्या व फळें पोटभर खाण्यास सांगितलें. मोजून खाण्याची अट नव्हती, व्यायामाची सक्ति नव्हती. सहा महिन्यांत या मंडळींचें वजन सरासरीनें सुमारें १२ किलो उतरलें, आणि वर्षाअखेरही त्यांतील बहुतेक उतार टिकून होता. मात्र या लोकांस प्रथमचे तीन महिने आठवड्यांतून दोन संध्याकाळीं स्वयंपाक व आहार यांचें शिक्षण दिलें जात होतें, दुसऱ्या गटास तें मिळालें नाहीं. म्हणून सर्व यश एकट्या भाजीपाल्याच्या पदरांत टाकणें बरोबर नाहीं.

तथापि अमेरिकेंतील सरकारी संशोधनसंस्थेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही असाच कल दिसतो. वीस माणसांस संस्थेंतच ठेवून दोन आठवडे कमी स्निग्धांशाचें वनस्पतिज अन्न व दोन आठवडे भरपूर स्निग्धांशाचें प्राणिज अन्न पोटभर दिलें. वनस्पतिज अन्नावर असतांना तींच माणसें दररोज सुमारें ७०० कॅलरी कमी खात असत, आणि आम्ही उपाशी राहिलों अशी तक्रार कोणी केली नाहीं.

याचें कारण शेतकऱ्यास समजण्यास कठीण नाहीं. चोथा व पाणी ज्या अन्नांत पुष्कळ, त्यानें पोट लवकर भरतें. ढेपेपेक्षां हिरव्या चाऱ्यानें जनावराचें पोट लवकर तटतटतें तसेंच हें आहे. दुध्याच्या शंभर ग्रॅम फोडींत वीसच्या आसपास कॅलरी असतात. तितक्याच शेंगदाण्यांत पांचशेंहून अधिक. आणि गोडें तेल तर निव्वळ स्निग्ध पदार्थ. त्याच्या एका ग्रॅमास नऊ कॅलरी. येथेंच आमच्या तरुण मंडळींची फसगत होते. गिस्बर्नच्या लोकांस प्राणिज पदार्थांबरोबर तेलही वर्ज्य होतें, व शेंगदाण्यासारखे तेलकट दाणेही टाळावयास सांगितलें होतें. तळलेली भजी, फरसाण, साखर घातलेलें सरबत व मैद्याचीं बिस्किटें यांत दुधाचा थेंब नसूं शकेल; परंतु त्यांनीं वजन उतरणार नाहीं, चढेल. बाजारांतील पुड्यांवर हिरवी 'व्ही'ची खूण असते. तिचे नियम भारत सरकारच्या अन्नसुरक्षा खात्यानें २०२२ सालीं केले. ती खूण माल प्राणिज नाहीं इतकेंच सांगते; तो माल हलका आहे असें सांगत नाहीं.

आतां पोषणाकडे वळूं. प्रथिनांची भीति लोकांत फार आहे, आणि ती आम्हांस अवाजवी वाटते. ज्वारी-बाजरींत जें एक प्रथिनद्रव्य कमी पडतें तें तुरीच्या व हरभऱ्याच्या डाळींत भरपूर असतें, आणि डाळींत जें कमी तें धान्यांत सांपडतें. भाकरी व वरण हें जोडपें आपल्या पूर्वजांनीं रसायनशास्त्र न शिकतां जमविलें. सोयाबीनचें पीक तर मराठवाडा-विदर्भांत घरोघर आहे, व त्यांत प्रथिनें डाळींच्याही वर आहेत. फक्त वरण वाटींत पाण्यासारखें नसावें.

चुन्याची म्हणजे कॅल्शियमची गोष्ट इतकी सोपी नाहीं. शंभर ग्रॅम दुधांत तें सुमारें १२० मिलिग्रॅम. नाचणींत त्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि न सोललेल्या तिळांत त्याहूनही पुष्कळ. तेव्हां शेतांत तें आहे. परंतु जो आज दूध सोडतो तो उद्यां नाचणीची भाकरी खाऊं लागतोच असें नाहीं. तो बहुधा गव्हाची पोळीच खातो. इंग्लंडांत सुमारें ५५ हजार लोकांवर बरींच वर्षें नजर ठेवून २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, मांसाहारी लोकांपेक्षां वीगन लोकांत खुब्याचें हाड मोडण्याचें प्रमाण दुपटीहून अधिक आढळलें. लोहाविषयीं एवढेंच सांगतों कीं, कडधान्यें मोड आणून खावीं, जेवणांत लिंबू अथवा आंवळा असावा, आणि जेवणाबरोबर चहा घेऊं नये.

खरी अडचण ब-१२ या जीवनसत्त्वाची आहे, आणि ती कोणत्याही पिकानें सुटत नाहीं. हें द्रव्य वनस्पति तयार करीत नाहींत, जनावरेंही करीत नाहींत. तें सूक्ष्म जंतु करितात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत हे जंतु राहतात, व त्यांस त्यासाठीं कोबाल्ट नांवाची धातु अत्यल्प प्रमाणांत लागते. ऑस्ट्रेलियांत कांहीं कुरणांवर मेंढ्या गवत भरपूर असूनही खंगून मरत. त्या मातींत कोबाल्टाची उणीव आहे हें १९३५ च्या सुमारास उमगलें. ब-१२ शुद्ध स्वरूपांत १९४८ सालीं वेगळें करण्यांत आलें, तेव्हां त्याच्या पोटीं तीच धातु निघाली. दुधांतून व अंड्यांतून आपणांस मिळतें तें हेंच.

माणसाच्या काळजांत याचा सांठा कित्येक वर्षें पुरतो. म्हणून दूध सोडल्यावर पहिलीं एक-दोन वर्षें कांहींच बिघडत नाहीं, आणि "पाहा, आम्ही ठणठणीत आहों" असें म्हणण्यास जागा मिळते. पुढें हातापायांस मुंग्या येतात, तोल जातो, रक्त कमी होतें. पालेभाजींत फोलेट नांवाचें दुसरें जीवनसत्त्व विपुल असल्यामुळें रक्ताची तूट कधीं कधीं झांकली जाते, आणि इकडे मज्जातंतूंची हानि होत राहते. ती फार लांबली तर भरून येत नाहीं. स्पिरुलिना नामक शेवाळाच्या गोळ्यांत ब-१२ असल्याची जाहिरात असते. परंतु त्यांतील बहुतेक अंश शरीरास निरुपयोगी असा नकली प्रकार आहे.

हा प्रश्न शहरी फॅशनेचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांची पाहणी चालविली. त्यांत सुमारें दोन-तृतीयांश स्त्रियांच्या रक्तांत ब-१२ कमी निघालें. फोलेटची उणीव मात्र क्वचित् होती. या स्त्रियांनीं वीगन हा शब्दही ऐकिला नसेल. दूध सकाळीं डेअरीस जातें, उरलें तें चहांत आणि पुरुषांच्या व मुलांच्या वाटींत जातें, आणि सुनेच्या ताटांत भाकरी व कालवण उरतें. ज्यांच्या आयांस ब-१२ कमी व फोलेट अधिक होतें, त्या मुलांत सहाव्या वर्षीं मधुमेहाकडे नेणारीं लक्षणें अधिक दिसलीं.

तेव्हां आमचें मत असें. धडधाकट प्रौढास वजन उतरवावयाचें असेल तर हा आहार उपयोगी आहे. परंतु तेल, साखर व तळण आंखडलें तरच. ब-१२ ची गोळी त्यास अनिवार्य आहे. गिस्बर्नच्या प्रयोगांतही ती दिली होती. दिवसाची गरज २.४ मायक्रोग्रॅम इतकी क्षुद्र असली तरी गोळींतील थोडाच अंश अंगीं लागतो, म्हणून मात्रा डॉक्टरास विचारून ठरवावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं आणि लहान मुलांनीं वैद्यकीय देखरेखीवांचून हा मार्ग धरूं नये. ज्या घरीं दूध विकलें जातें, तेथें घरच्या स्त्रियांसाठीं रोज एक पेला दूध किंवा वाटीभर दहीं घागर भरण्याआधींच बाजूस काढून ठेवावें. डेअरीच्या मापांत तितकी तूट पडली तरी चालेल.